पॉशच्या तक्रारीनंतर नोकरी गेली? आधी तारखा मोजा, मग दार ठोठावा

पॉशखाली, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली, तक्रार झाली, कंपनीची अंतर्गत समिती बसली, अहवाल आला आणि एका संध्याकाळी एचआरने केबिनमध्ये बोलावून लिफाफा हातात ठेवला. त्यानंतर माणसं ज्या चुका करतात त्या बहुतेक ठरलेल्या असतात. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुदत चुकीच्या कागदावरून मोजणं. त्याखालोखाल चुकीच्या कोर्टात जाऊन महिने घालवणं. हा लेख त्या दोन चुकांसाठी लिहिला आहे.

मी काही वर्षं अशा समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसले आहे. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्यावरचा आरोप खरा की खोटा, हे हा लेख ठरवत नाही. चौकशी नीट झाली नसेल, शिक्षा अवाच्या सवा असेल, किंवा तुमचं म्हणणं ऐकूनच घेतलं नसेल, तर काय करता येतं एवढंच इथे आहे. हे मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खासगी नोकरदारांसाठी आहे. सरकारी आणि शाळेतल्या नोकरीचा फरक पाचव्या टप्प्यात येईल.

## टप्पा १ : पहिले दोन दिवस

पत्र घ्यायला नकार देऊ नका. नकार दिलात तर ते टपालाने आणि ईमेलने येतंच, वर "पत्र स्वीकारलं नाही" असा शेरा तुमच्या नावावर लागतो. पत्र घ्या आणि पोच म्हणून सही करताना वर स्वतःच्या अक्षरात लिहा : "प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही." खाली तारीख आणि वेळ. मग त्या सही केलेल्या पानाचा तिथेच फोटो घ्या. टपालाने आलं असेल तर लिफाफा फाडून फेकू नका, शिक्क्यावरची तारीख पुढे कामाला येते.

राजीनाम्याचा कागद पुढे आला तर थांबा. "राजीनामा दिलात तर रेकॉर्डवर काही येणार नाही" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते कुठल्यातरी पुस्तिकेत छापलेलं असावं. राजीनामा देणं काही वेळा शहाणपणाचंही असतं. पण एकदा दिला की "मला काढलं" म्हणून भांडताना आधी तो राजीनामा दबावाखाली घेतला गेला हे सिद्ध करत बसावं लागतं. निदान एक रात्र मागून घ्या.

सावधान : तक्रारदार महिलेला फोन, मेसेज, मध्यस्थामार्फत निरोप, अगदी "सॉरी" सुद्धा नको. त्याचा अर्थ दबाव असाच लावला जातो, आणि तो अर्थ चुकीचाच असतो असंही नाही.

सावधान : कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रार, दोन्ही बाजूंची ओळख, चौकशीतला मजकूर आणि शिफारशी जाहीर करायला मनाई आहे. ऑफिसच्या जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "माझी बाजू" टाकणं हेही त्यातच आलं. नियमांत यासाठी ५,००० रुपये दंड आहे, पण खरं नुकसान दंडाचं नसतं. तुमची ती पोस्ट पुढे कोर्टात समोरच्या वकिलाच्या हातात असते.

ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी घाईघाईने कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तो नवा गैरवर्तनाचा आरोप ठरतो. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये असलेलं संभाषण मात्र जसंच्या तसं राहू द्या. नकोसा भागही पुसू नका. फोन बदलायचा असेल तर जुना जपून ठेवा : डिजिटल पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की काम सोपं होतं.

## टप्पा २ : कागद मागा, लेखी मागा

पहिल्या आठवड्यातच एचआरला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. भाषा थंड ठेवा. मागायचं ते असं :

- तक्रारीची आणि तिच्यासोबत जोडलेल्या कागदांची प्रत
- तुमचा आणि साक्षीदारांचा नोंदवलेला जबाब, बैठकांची इतिवृत्तं
- समितीचा अंतिम अहवाल आणि शिफारशी
- तो अहवाल मालकाकडे कोणत्या तारखेला दिला, ती तारीख
- समिती नेमल्याचा आदेश, त्यात सदस्यांची नावं आणि नेमणुकीच्या तारखा
- तुम्हाला लागू असलेले सेवानियम किंवा स्थायी आदेश (आस्थापनेतल्या नोकरीच्या अटींचे प्रमाणित नियम)

अहवाल हा मेहेरबानीने मिळणारा कागद नाही. कलम १३ प्रमाणे चौकशी संपल्यापासून १० दिवसांत तो मालकाला द्यायचा असतो आणि दोन्ही पक्षांना उपलब्ध करायचा असतो. "गोपनीय आहे" असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या. तो कागद अहवालाइतकाच मोलाचा आहे.

कागद यायची वाट बघत पुढचे टप्पे थांबवू नका. मुदत तुमच्या पत्राच्या उत्तरासाठी थांबत नाही.

## टप्पा ३ : नोकरी नेमकी कशाखाली गेली?

पत्र दोनदा वाचा. पहिल्यांदा रागाने वाचलं जातं, ते धरू नका. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसा आणि त्यात कोणता कायदा, कोणतं कलम, कोणता अहवाल लिहिलाय ते अधोरेखित करा. साधारण तीन प्रकार दिसतात.

समितीच्या शिफारशीवरून काढलं. पत्रात २०१३ चा कायदा किंवा अंतर्गत समितीचा उल्लेख असतो. मग त्या कायद्याच्या कलम १८ मधलं अपील तुमच्यासाठी खुलं आहे.

कंपनीच्या आचारसंहितेखाली काढलं. आरोप शिवीगाळीचा, मानसिक त्रासाचा असतो, किंवा तक्रारदार पुरुष असतो. २०१३ चा कायदा महिलेने केलेल्या लैंगिक छळाच्या तक्रारीपुरता आहे. त्यामुळे इथे कलम १८ चं अपील नाही. तुमची लढाई साध्या बडतर्फीची.

कारणच दिलं नाही. "कराराच्या अमुक कलमाप्रमाणे एका महिन्याच्या पगारासह सेवा समाप्त." आठ दिवसांपूर्वी तक्रार झालेली असते, पण पत्रात तिचा शब्द नसतो. चौकशी टाळण्यासाठी असं करतात. याला नुसती सेवासमाप्ती म्हणायचं की झाकलेली शिक्षा, हा वाद कोर्टात घालता येतो, पण त्यासाठी तक्रारीची आणि काढल्याची तारीख जवळजवळ असल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

## टप्पा ४ : तारखा

एक कोरा कागद घ्या आणि यादी करा : घटना, तक्रार, तुम्हाला प्रत मिळाली, तुम्ही उत्तर दिलं, प्रत्येक सुनावणी, अहवाल, बडतर्फीचं पत्र, पत्र हातात पडलं. प्रत्येकीपुढे कोणत्या कागदावरून ही तारीख कळली तेही लिहा.

आता मुख्य मुद्दा. कलम १८ चं अपील करायला ९० दिवस आहेत, आणि ते समितीच्या शिफारशीपासून मोजतात. बडतर्फीच्या पत्रापासून नाही. मालकाला शिफारशीवर कारवाई करायला ६० दिवस असतात. म्हणजे पत्र हातात पडेपर्यंत तुमची दोन तृतीयांश मुदत संपलेली असू शकते.

आकड्यात बघा. समितीने ३ मार्चला शिफारशी दिल्या. पत्र २८ एप्रिलला मिळालं. माणूस २८ एप्रिलपासून ९० दिवस मोजतो, २७ जुलै येतो, मग आधी गावाला जाऊन येतो. खरी मुदत १ जूनला संपलेली असते.

महाराष्ट्रात दुसरी ९० दिवसांची मुदत आहे ती १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखालच्या तक्रारीची. ती अनुचित प्रथा घडल्यापासून, म्हणजे इथे काढून टाकल्यापासून मोजतात. आकडा तोच, सुरुवात वेगळी. गोंधळ इथेच होतो.

तपासा : अहवाल तुम्हाला उशिरा मिळाला का? मिळाला असेल तर कसा मिळाला याचा पुरावा ठेवा आणि तरीही शिफारशीच्या तारखेपासूनच्या ९० दिवसांच्या आत दाखल करायचा प्रयत्न करा. विलंबमाफीचा अर्ज हा शेवटचा आधार, पहिला बेत नव्हे.

## टप्पा ५ : दार कोणतं

कलम १८ चं अपील. सेवानियमांत अपिलाची जागा सांगितली असेल तर तिथे. नियमच नसतील तर केंद्राच्या पॉश नियमांतल्या नियम ११ प्रमाणे स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या अपील प्राधिकरणाकडे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक न्यायालय करत आलं आहे. हे अपील कामगाराला तसंच मॅनेजरलाही करता येतं, हा त्याचा मोठा फायदा. "मी वर्कमन (कायद्याच्या अर्थाने कामगार) नाही, मला काही नाही" म्हणून घरी बसणारे मॅनेजर इथेच चुकतात. मात्र ध्यानात ठेवा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आणि नियम ११ मध्ये नाव असलेला १९४६ चा स्थायी आदेश कायदा तिच्यात गेला. दाखल करायच्या आठवड्यात वकिलाला आणि कोर्टाच्या रजिस्ट्रीला प्राधिकरण कोणतं ते विचारून घ्या. मागच्या वर्षीचा नमुना उचलून नाव-पत्ता बदलू नका.

कामगार असाल तर. पदाचं नाव बघू नका, काम बघा. व्हिजिटिंग कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" असलं तरी हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर एक्सेल भरणं हेच काम, असं असेल तर तुम्ही कामगार ठरू शकता. संहितेत देखरेखीचं काम करणाऱ्याला १८,००० रुपयांच्या वर पगार असेल तर कामगार धरत नाहीत, आणि व्यवस्थापकीय काम करणारा तर बाहेरच. कामगाराला आधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. संहितेत ही मुदत काढल्यापासून २ वर्षं आहे, जुन्या कायद्यात ३ होती. कायदा बदलला त्या सुमारास नोकरी गेली असेल तर लहान मुदत धरून चाला.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याखाली कामगार न्यायालयातही तक्रार करता येते. त्याच्या चौथ्या अनुसूचीत नैसर्गिक न्याय पायदळी तुडवून केलेली चौकशी, अनाठायी घाई, आणि धक्का बसावा इतकी अवाजवी शिक्षा हे शब्द जवळपास तुमच्यासाठीच लिहिलेत.

सावधान : या कायद्याखाली तक्रार केली की त्याच गोष्टीसाठी केंद्राच्या कामगार कायद्याखाली जाता येत नाही. दोन्हीकडे "टाकून ठेवू" हा बेत अंगाशी येतो.

मॅनेजर असाल तर. अपिलाशिवाय दिवाणी दावा उरतो, मुदत ३ वर्षं. पण अपेक्षा खरी ठेवा. खासगी नोकरीच्या करारात कोर्ट सहसा मालकावर माणूस लादत नाही. मिळाली तर नोटीस पगाराच्या आसपासची भरपाई मिळते, नोकरी नाही. ज्यांना दोन महिन्यांच्या पगारासाठी चार वर्षं दावा चालवायचाय त्यांनी हा हिशेब आधी बायकोसमोर मांडावा.

सरकारी नोकर आणि शिक्षक. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने आधी खात्यातलं अपील करायचं, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्यासाठी १९७७ चा कायदा आहे आणि शाळा न्यायाधिकरणात जायला फक्त ३० दिवस आहेत. सगळ्यात छोटी मुदत हीच, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती हमखास निसटते.

## टप्पा ६ : चौकशीत काय चुकलं ते शोधा

अपिलात "मी निर्दोष आहे" हे वीस पानं लिहिण्यापेक्षा प्रक्रिया कुठे मोडली हे दोन पानांत दाखवलेलं जास्त चालतं. अहवाल समोर ठेवून एकेक विचारत जा.

समिती कायदेशीर होती का? अध्यक्ष त्या कंपनीतली वरिष्ठ महिला हवी, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक बाहेरची व्यक्ती, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. सदस्याचा कार्यकाळ ३ वर्षांपेक्षा जास्त नाही. बाहेरची सदस्य फक्त सहीपुरती होती का, ते इतिवृत्तावरून कळतं. सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर हवेत.

तक्रार वेळेत होती का? घटनेपासून, किंवा घटनांच्या मालिकेतल्या शेवटच्या घटनेपासून ३ महिने. समिती लेखी कारण देऊन आणखी ३ महिने देऊ शकते. ते कारण फाईलमध्ये आहे का बघा.

प्रत मिळाली का? समितीने तक्रारीची प्रत ७ कामाच्या दिवसांत द्यायची असते, उत्तराला तुम्हाला १० कामाचे दिवस. एकतर्फी निकाल द्यायचा असेल तर सलग तीन सुनावण्यांना विनाकारण गैरहजेरी आणि १५ दिवसांची लेखी नोटीस लागते.

साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले का? समोरासमोर बसवून उलटतपासणी झाली नाही म्हणून अन्याय झाला असं नाही. तक्रारदार घाबरलेली असते तेव्हा आम्ही प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारायचो, आणि ते योग्यच होतं. पण तुम्ही दिलेले प्रश्न विचारलेच नाहीत, किंवा जबाब तुम्हाला दाखवलेच नाहीत, तर तो मुद्दा आहे. वकील समितीसमोर आणता आला नाही ही मात्र तक्रार नको. नियमातच मनाई आहे.

आणि सगळ्यात जास्त वेळा सुटणारी पायरी : कलम ११ प्रमाणे दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत दोघांना देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. म्हणजे अंतिम शिफारशीआधी. बऱ्याच समित्या निष्कर्ष आणि शिफारस एकाच पाकिटात मालकाला देऊन मोकळ्या होतात.

हे सगळं किती वजनदार ठरतं याला गोव्यातलंच उदाहरण आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी रद्द केली. समितीने सुनावण्या घाईत उरकल्या, बचावाला पुरेसा अवधी दिला नाही, म्हणून. पण पुढचं वाक्य लोक वाचत नाहीत : न्यायालयाने त्यांना निर्दोष म्हटलं नाही, प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. त्या सुनावण्या झाल्या होत्या २००९ मध्ये. चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा पहिल्या अंकावर.

तपासा : चौकशी नीट झाली असेल आणि वागणं घडलं असेल, तर फक्त शिक्षेच्या प्रमाणावर बोला. नियम ९ मध्ये लेखी माफी, ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, समुपदेशन असेही पर्याय आहेत. स्वच्छ रेकॉर्ड, एकच शाब्दिक प्रसंग, आणि थेट बडतर्फी, हा मुद्दा प्रामाणिक असतो.

## टप्पा ७ : अर्ज लिहिताना

तक्रारदार महिलेच्या चारित्र्यावर, कपड्यांवर, तिच्या आधीच्या नोकरीवर एक ओळही नको. न्यायाधीश तिथेच तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. तिचं नाव शक्य तिथे "तक्रारदार" एवढंच.

"खोटी तक्रार" हा शब्द जपून वापरा. कलम १४ खोट्या तक्रारीबद्दल आहे खरं, पण आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. बदनामीचा उलटा दावाही पहिल्या महिन्यात ठोकू नका. मुळातली लढाई बाजूला राहते आणि तो सूड वाटतो.

स्थगिती हवी असेल तर अपिलासोबतच वेगळा अर्ज द्या. थकीत पगार मागत असाल तर काढल्यापासून दुसरीकडे पगारी काम मिळालेलं नाही हे शपथेवर लिहा. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कर्मचाऱ्याने एवढं म्हटलं की उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. मधे रिक्षा चालवली, क्लास घेतले, तर तेही लिहा. लपवलेलं पुढे निघतंच.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगारही मोफत मदतीच्या यादीत आहे. हेल्पलाइन १५१००.

## टप्पा ८ : हक्काचे पैसे

भांडण चालू असलं तरी हिशेब थांबत नाही. वेतन संहितेप्रमाणे काढून टाकल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. भविष्य निर्वाह निधी मालकाला अडवता येत नाही.

ग्रॅच्युइटी मात्र अडकू शकते. नोकरीत असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल असं कृत्य केल्याबद्दल काढलं असेल तर ती जप्त करता येते, आणि त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेलीच हवी असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण बडतर्फीच्या पत्रात एक ओळ टाकून ती आपोआप जप्त होत नाही. जप्तीची नोटीस आणि वेगळा आदेश मागा.

फुल अँड फायनलच्या कागदावर "आता कोणताही दावा उरलेला नाही" अशी ओळ असते. तिच्यावर काट मारून सही करू देत नसतील तर सहीच्या वर "हक्क आणि हरकत राखून" लिहा.

## पोलिसांत तक्रार झाली असेल तर

समितीची चौकशी आणि फौजदारी गुन्हा वेगवेगळे चालतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली किंवा इतर कलमांखाली गुन्हा नोंदला असेल तर अपिलाचा मसुदा फौजदारी वकिलाला दाखवल्याशिवाय दाखल करू नका. तुम्ही अपिलात शपथेवर लिहिलेली ओळ तिकडेही वाचली जाते. अटकपूर्व जामीन लागत असेल तर तो आधी, नोकरी नंतर.

## नवी नोकरी शोधताना

फॉर्मवर "आधीच्या नोकरीतून काढलं होतं का?" असा थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नका, पार्श्वभूमी तपासणीत निघालं तर तेवढ्यावरच नवी नोकरी जाते. "सेवा समाप्त झाली, आदेशाविरुद्ध अपील प्रलंबित आहे" एवढं पुरे. तपशील विचारला तर कलम १६ ची गोपनीयता तुमच्याही बाजूने आहे : "कायद्याने मला त्यावर बोलता येत नाही."